दात काढल्यानंतरची दक्षता
शहापूर-मुरबाड भागात भाताच्या आवणीच्या दिवसांत दात काढून आलेला माणूस पुष्कळदा त्याच दुपारी चिखलात उतरतो आणि सवयीने तंबाखूची चिमूट तोंडात टाकतो. अडचण येथेच उद्भवते. दाताच्या रिकाम्या खाचेत साकळलेले रक्त हेच तेथील हाडाचे आवरण होय. थुंकल्याने, बिडी ओढल्याने ते निसटते व हाड उघडे पडते. म्हणून बोळा अर्धा-पाऊण तास चावून धरावा, लाळ गिळावी. २४ तास चूळ भरू नये. नंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात. आहारात निवलेली पेज उत्तम. मिशरी लावणाऱ्या भगिनींना पंचायत सदस्यांनी हे आवर्जून सांगावे. त्यांपैकी अनेकजणी मिशरीला व्यसन नव्हे, औषध समजतात! तिसऱ्या दिवशी ठणका उतरण्याऐवजी कानापर्यंत चढू लागल्यास गोळ्यांवर न विसंबता रुग्णालय गाठावे.