मीठ ओढणारा लेप आणि त्याचं पाणी

अल नहदा ही दुबई-शारजाच्या सीमेवरची वस्ती. दुबईचं अल फहिदी आणि जुनं शारजा तिथून जवळच. दोन्हीकडे प्रवाळदगडाची जुनी घरं आहेत. या सच्छिद्र दगडात मीठ मुरतं. ओलावा सुकला की छिद्रांत स्फटिक वाढतात आणि दगड भुसभुशीत होतो.

त्यावर ओला लेप देतात: केओलिन माती, वाळू आणि सेल्युलोजचे तंतू शुद्ध पाण्यात कालवून. लेपातलं पाणी दगडात शिरतं, मीठ विरघळवतं आणि सुकताना ते लेपात आणतं. मात्र लेपात दगडापेक्षा बारीक छिद्रं हवीत; नाहीतर लेप आधी सुकतो, मीठ आतच राहतं.

म्हणून आधी चाचणी. लेप कोरडा आणि ओला तोलून त्यात किती पाणी मावतं ते पाहतात. मग तो नमुन्याच्या दगडावर थापून ठरावीक वेळाने दोन्हींचं वजन घेतात. ही मोजणी मला इथे सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण या घरांच्या बांधकामातलं जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं. पाणचट लेप मिठासोबत भिंतीचे सांधेही पोखरेल. शेवटी सुकलेला लेप शुद्ध पाण्यात घोळून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. त्यावरून निघालेल्या मिठाचा अंदाज येतो.