हातावरचा शिक्का

१८ मार्च २०२० रोजी पालघर स्टेशनात गरीबरथमधून चौघांना उतरवण्यात आलं. ते जर्मनीहून आले होते, सुरतेला निघाले होते आणि त्यांच्या डाव्या हातावर घरातच विलग राहण्याचा शिक्का होता. डब्यात कुणाला तरी तो दिसला. असे शिक्के मारायला राज्यात नुकतीच सुरुवात झाली होती. हेतू एवढाच, की प्रवासाहून आलेल्यानं चौदा दिवस घरात राहावं. पण त्या शाईनं आपल्या सगळ्यांच्या मनात एक समज पक्की केली: धोका ओळखता येतो, तो कुणा दुसऱ्याच्या अंगावर असतो.

मार्च संपला तेव्हा राज्यातले कोरोनाचे रुग्ण तीनशेच्या आसपास होते. त्या दिवसांत आम्ही पुण्यात दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली, वर्तमानपत्र बंद केलं. गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि मुंबईहून आलेल्या आपल्याच लेकरांना शाळेच्या खोल्यांत ठेवलं. सप्टेंबरात एकेका दिवसात २४ हजारांवर रुग्ण सापडू लागले, तेव्हा मास्क हनुवटीवर उतरला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत आकडे पुन्हा चढले, तेव्हा आम्ही लग्नाच्या याद्या करत बसलो होतो.

पॉल स्लोव्हिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली हे नीट मांडून ठेवलं आहे. नवा, न दिसणारा, आपल्या हातात नसलेला धोका माणसाला आहे त्याहून मोठा वाटतो. तोच अंगवळणी पडला की लहान वाटू लागतो. आमच्या कोथिंबिरीचा उलगडा त्यात होतो. फाटकाचा होत नाही.

आमच्या सोसायटीनं घरकामाला येणाऱ्या मावशींना कित्येक महिने फाटकाबाहेर ठेवलं. पुण्यात ९ मार्चला सापडलेले पहिले दोन रुग्ण दुबईहून आले होते. रोग विमानानं आला हे सर्वांना ठाऊक होतं. तरी बैठकीत बोट वस्तीकडेच गेलं, आणि मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते. जुलैमध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं आढळली, इमारतींमध्ये १६ टक्के. आमच्याकडे काहींना यातून आपलंच खरं ठरल्यासारखं वाटलं. मला त्या आकड्यांत एका खोलीत झोपणारी सहा माणसं आणि सार्वजनिक संडासापुढची रांग दिसते. मावशी धोका घेऊन येत नव्हत्या, त्या धोक्यात राहत होत्या.

हा माणूस हुडकण्याचा सोस पुण्याला नवा नाही. १८९७ च्या प्लेगात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधत होते. लोकांनी आजारी माणसं दडवली, गाठी पांघरुणाखाली झाकल्या. रोगापेक्षा रोगी ठरण्याचं भय मोठं झालं होतं. २०२० मध्ये सरकारनं हाती घेतलेला साथरोग कायदाही त्याच १८९७ सालचा. दारावरचा कागद, गल्लीच्या तोंडाशी बांधलेले बांबू, अँब्युलन्स आली की खिडक्यांतून डोकावणारी माणसं, हे सगळं पाहणाऱ्याला ताप आला तर तो सांगेल कसा? आपल्याकडे त्याला शब्द आहे, अंगावर काढणं. त्या काळात तो हलगर्जीपणाच्या अर्थानं वापरला गेला. मला तो अन्याय वाटतो. अंगावर काढणाऱ्यानं हिशेब केलेला असायचा, फक्त त्याच्या हिशेबात विषाणूखेरीज शेजारीही असायचे.

धारावीत हा हिशेब बदलला. १ एप्रिल २०२० ला तिथं पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अडीच चौरस किलोमीटरांत दाटलेल्या त्या लाखोंच्या वस्तीचं काय होणार या विचारानं अख्खी मुंबई धास्तावली होती. महापालिकेनं तिथल्याच खासगी डॉक्टरांना पीपीई किट घालून दारोदार नेलं. सर्दीखोकल्याला ज्याच्याकडे जायचं तोच डॉक्टर दारात उभा राहिला. विलग केलेल्यांना शाळांत, क्रीडासंकुलात ठेवलं आणि तिथं वेळेवर जेवण दिलं. सांगितलं तर आपलं वाईट होणार नाही, एवढा भरवसा मिळाला की माणसं ताप सांगतात.

हा भरवसा सगळीकडे पोहोचला नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात एका दिवशी ६८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, तेव्हा शहरात एकमेकांना पहिला प्रश्न छातीच्या स्कॅनचा असायचा, ‘स्कोर किती?’ बेड, रेमडेसिविर, ऑक्सिजन यांच्या मागे धावताना रोगाची भीती वाटायलाही उसंत नव्हती. त्याच महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी काकांना ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, सलाइन लावलं. त्या दिवसांत गावोगाव टायफॉइडच होता. सहाव्या दिवशी चुलतभावानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ८२.

काका वाचले. पावसाळ्यात भेटायला गेलो तेव्हा गोठ्यात होते. मी जरा रागानंच विचारलं, “सहा दिवस कशासाठी थांबलात?”

त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, “अरे, कळलं असतं तर डेअरीनं दूध घेतलं नसतं.”