गोळी चालू आहे, पण मिठाचे काय?

चाळीसगाव परिसरातील कुटुंबांना भेटी देताना एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो: “फादर, गोळी रोज घेतो, तरी प्रेशर खाली का येत नाही?” प्रश्न विचारणाऱ्याच्या ताटात बहुधा भाकरी, शेवभाजी, ठेचा, लोणचे व पापड असतो आणि कडेला चिमूटभर मीठ वेगळे वाढलेले असते. उत्तराचा काही भाग त्या ताटातच आहे.

मीठ अधिक पोटात गेले की त्याबरोबर शरीरात पाणीही साठून राहते. रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो व त्यांच्या भिंतींवरील दाब चढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या जादा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर काढतात, तर काही रक्तवाहिन्या सैल करतात. एकीकडे गोळी घ्यावयाची व दुसरीकडे मिठाची भर घालावयाची, असे झाल्यास औषधाचे काम अपुरे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. त्यात शेव, फरसाण, लोणचे यांतील मीठही मोजावयाचे असते. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असते.

गोळ्या चालू असताना सवयी बदलून खरोखर फरक पडतो काय? होय. तीन किंवा अधिक औषधे घेऊनही रक्तदाब न उतरणाऱ्या १४० रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली चार महिने आहार, वजन व व्यायाम सांभाळणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सुमारे १२ अंकांनी उतरला. केवळ सल्ला व माहिती मिळालेल्यांचा सुमारे ७ अंकांनी. त्याच वर्षी चीनमधील ६०० खेड्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठी ओलांडलेले व उच्च रक्तदाब असलेले सुमारे २१ हजार लोक त्यात होते. ज्या खेड्यांत साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचे, पोटॅशियमयुक्त मीठ वापरले गेले, तेथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले.

पोटॅशियम सोडियमचा परिणाम सौम्य करते. जळगावची केळी, पालेभाज्या व डाळी यांतून ते सहज मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मीठ वापरू नये. रक्तातील पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढल्यास हृदयाला धोका संभवतो.

ताटाबाहेरच्या सवयींचाही विचार व्हावा. आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. दारूने रक्तदाब वाढतो. तंबाखू, मिसरी व विडीने हृदयविकाराचा धोका वाढतो. शेतात राबून कंबर दुखली की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी वारंवार घेतली जाते. तिनेही रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांवर ताण येतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आकडा १४०/९० च्या खाली आला की “आता बरे वाटते” म्हणून अनेकजण गोळी बंद करतात. तो आकडा बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो. उच्च रक्तदाब बहुतेकदा काही जाणवू न देता वाढतो आणि पहिली जाणीव कधी कधी पक्षाघातानेच होते. वजन व मीठ कमी केल्यावर काही रुग्णांची औषधे कमी करता येतात, परंतु तो निर्णय डॉक्टरांचा. खानदेशच्या कडक उन्हाळ्यात घाम फार जातो. अशा वेळी उठताना चक्कर येऊ लागल्यास गोळी स्वतः न थांबवता लगेच रक्तदाब तपासून घ्यावा व डॉक्टरांस भेटावे.

तपासणीपूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी. पाच मिनिटे शांत, पाठ टेकून बसावे आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.

आमची वाचकांस एवढीच विनंती, की आज रात्री गोळी वेळेवर घ्यावी आणि ताटाच्या कडेचे मीठ वाढू नये. घरातील वाढणाऱ्या हातांनी साथ दिली, तर हे मुळीच अवघड नाही.