तापाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, तरी किडनीला धोका? समजून घ्या ‘एकेआय’

पुणे : घरातले कुणी डेंग्यू, न्यूमोनिया किंवा लेप्टोने अ‍ॅडमिट झाले, की नातेवाइकांचे लक्ष ताप आणि प्लेटलेट्सवर असते. बेडला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे फारसे कुणी पाहत नाही. संसर्गात किडनीला अचानक होणारी इजा, म्हणजे ‘अ‍ॅक्युट किडनी इंज्युरी’ (एकेआय), मात्र अनेकदा तिथेच आधी दिसते.

रिपोर्टमध्ये लाल खूण नाही, तरीही?

हो. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटाचे २०१२ चे निकष डॉक्टर वापरतात. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढले, किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट झाले, तर तो एकेआय. सलग ६ तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलीलिटरपेक्षा कमी झाली, तरीही तेच. ६० किलोच्या माणसासाठी हा हिशेब ६ तासांत १८० मिली, म्हणजे पाण्याच्या एका ग्लासाहूनही कमी.

आता पाहा : पुरुष रुग्णाचे क्रिएटिनिन दाखल होताना ०.७ होते, दोन दिवसांनी १.१ झाले. लॅबच्या लेखी हे सहसा नॉर्मलच. निकषानुसार एकेआय. म्हणून सुटा आकडा नको, आधीचा आकडा शेजारी ठेवा. जुना रिपोर्ट मोबाइलमध्ये असेल तर डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन हा तसा सुस्त सेन्सर आहे. इजा आधी होते, आकडा नंतर चढतो. कृश वृद्धांमध्ये स्नायू कमी असल्याने तो मुळातच कमी असतो आणि फसवतो.

असे का होते?

प्रेशर कमी झाले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. गंभीर संसर्गात बीपी पडते, किडनीतील सूक्ष्म रक्तप्रवाह बिघडतो, सूज पेशींना इजा करते. त्यात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांची किंवा अमिकासिनसारख्या अँटिबायोटिकची भर पडू शकते. घरी घेतलेली प्रत्येक गोळी, बीपीचीसुद्धा, डॉक्टरांना सांगा. मनाने बंद करू नका.

लेप्टोचा अपवाद

२६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिमी पाऊस कोसळला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली. या आजारात किडनीला इजा होऊनही लघवी भरपूर होऊ शकते, पोटॅशियम मात्र घसरते. म्हणजे इथे पिशवी पाहून निर्धास्त होता येत नाही. पुण्यातही २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. अशा पाण्यातून गेल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना पाण्याचा उल्लेख आवर्जून करा.

डिस्चार्जनंतर?

अनेकांची किडनी सावरते, काहींना मध्ये डायलिसिस लागते. एकेआय झालेल्यांनी तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने पुन्हा तपासावीत. डिस्चार्ज कार्डवर ‘एकेआय’ लिहिले आहे का, हे घरी निघण्यापूर्वीच विचारून घ्या.