टोमॅटो लाल होताना

हिरव्या आणि लाल टोमॅटोच्या पेशींत डीएनए तोच असतो. फरक पडतो तो कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन किती होते यात. प्रतिलेखन म्हणजे डीएनएमधील बेसच्या क्रमावरून संदेशवाहक आरएनए तयार होणे. जुन्नर तालुक्यातील आळे-नारायणगाव पट्ट्यात लांबच्या बाजारपेठेचा माल फळावर तांबूस छटा येताच तोडतात. क्रेटमध्येही तो पिकत राहतो, कारण तोडलेल्या फळाच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांतले प्रतिलेखन चालूच राहते.

पिकण्याच्या सुमारास फळात इथिलीन वायू वाढतो आणि ‘रिन’ हे प्रथिन कामाला लागते. त्याचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे. टोमॅटोच्या १२ गुणसूत्रांचा बेसक्रम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पाचव्याची जबाबदारी भारतीय गटाकडे होती. रिन ठरावीक जनुकांच्या आरंभापूर्वीच्या भागाला, म्हणजे प्रवर्तकाला, चिकटते. लाल रंगासाठी लागणाऱ्या फायटोइन सिंथेजचे जनुक त्यांपैकीच एक.

रिन चिकटले की या प्रवर्तकापाशी आरएनए पॉलिमरेज हे विकर बसते आणि डीएनएचे दोन धागे थोड्या अंतरापुरते सुटे करते. त्यातील एकच धागा नमुना म्हणून वाचला जातो. ग्वानीनसमोर सायटोसीन, सायटोसीनसमोर ग्वानीन, थायमीनसमोर ॲडेनीन येते. ॲडेनीनसमोर मात्र थायमीनऐवजी युरॅसिल. नमुन्यावर टी-ए-सी असेल, तर आरएनएवर ए-यू-जी उमटते. विकर पुढे सरकते तसे मागचे धागे पुन्हा जुळतात.

हा कच्चा आरएनए लगेच वापरता येत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला बदललेल्या ग्वानीनची टोपी बसते, मधले निरुपयोगी तुकडे कापून उरलेले सांधले जातात आणि मागे ॲडेनीनची लांब शेपटी जोडली जाते. मग तो केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. रायबोसोम त्याचे तीन-तीन बेस वाचून फायटोइन सिंथेज घडवतो. हे विकर २० कार्बनचे दोन रेणू जोडून ४० कार्बनचे फायटोइन बनवते. त्यापासून पुढे लाल लायकोपिन तयार होते.

फायटोइन सिंथेजचे हे जनुक बिघडले, तर फळ पिकूनही पिवळेच राहते. रिनचेच जनुक सदोष असले, तर पिकणे रखडते. एका पालकाकडून असे सदोष रिन घेतलेल्या संकरित वाणांची फळे सावकाश पिकतात आणि जास्त दिवस टिकतात.