बॉनेट उघडा, स्टिक बघा!

लायसन्स हातात आलंय, बाबांनी कुरकुरत का होईना पण गाडीची किल्ली दिलीय आणि ग्रुपचा लोणावळ्याचा प्लॅन पक्का झालाय. पेट्रोल भरलं, टायरमधली हवा चेक केली, प्लेलिस्टही रेडी. पण इंजिन ऑइल बघितलंत का? नाही ना? मग थांबा, काम फक्त दहा मिनिटांचं आहे.

इंजिनातले धातूचे भाग मिनिटाला हजारो वेळा फिरतात. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते एकमेकांवर घासत नाहीत. ऑइल फार कमी झालं की इंजिन तापतं, झिजतं आणि शेवटी सीझ होतं. ते बिल पॉकेटमनीतून फिटणारं नसतं!

‘आमची गाडी जाते कुठे? अंधेरी ते बोरिवली!’ असंही म्हणू नका. जेव्हीएलआर किंवा एलबीएसवर तासभर अडकलात तर मीटरवर किलोमीटर चढत नाहीत, पण इंजिन तासभर राबतच असतं.

चेक करणं सोपं आहे. गाडी सपाट जागी लावा. सोसायटीच्या रॅम्पवर किंवा असल्फ्याच्या चढावर रीडिंग चुकतं. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक ओढा (तिची कडी बहुतेक पिवळी किंवा केशरी असते), स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल तर मस्त. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं ऑइल थोडं-थोडं घाला आणि दर वेळी स्टिक बघा. दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, त्यामुळे अख्खा कॅन ओतू नका. ऑइल जास्त झालं तर त्याला फेस येतो आणि तेही इंजिनाला घातकच.

रंग नुसता काळा दिसला म्हणून घाबरू नका. पण दुधाळ कॉफीसारखा दिसला तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलंय. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर परत स्टार्टर मारू नका. थेट मेकॅनिकला बोलवा.

आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा? तो ‘ऑइल भरायची आठवण’ नाही, प्रेशर पडल्याचा इशारा आहे. गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो.

महिन्यातून एकदा आणि लांबच्या ट्रिपआधी हमखास स्टिक बघा. ऑइल घरीच बदललंत तर जुनं गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये द्या. घाटकोपर-मुलुंडचे नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि तिथे आपले फ्लेमिंगो जेवतात.