मोटर जळाली: भरायची की बदलायची?

कारखान्यात मोटर थांबली की ‘जळाली’ म्हणून मोकळे होतात. पण बिघाड अनेकदा बेअरिंगचा असतो. तिथे बेअरिंग बदलून काम भागते, नव्या मोटरचा विषयही काढायला नको.

खरा प्रश्न वाइंडिंग जळल्यावर येतो. भरून घेण्याचा खर्च नव्या मोटरपेक्षा कमी दिसतो, म्हणून मालक तिकडे झुकतो. विजेचे बिल मात्र कोणी मांडत नाही. 15 किलोवॉटची, चार पोलची, आयई1 या कार्यक्षमता-वर्गातली जुनी मोटर 88.7 टक्के कार्यक्षम असते, त्याहून वरच्या आयई3 वर्गातली 92.1 टक्के. पूर्ण भारावर वर्षाला 6000 तास चालवली तर फरक सुमारे 3700 युनिटचा. युनिटला 8 रुपये धरले, तर जवळपास 30 हजार रुपये! वर्षातून चार आठवडे चालणाऱ्या मोटरला मात्र हा हिशेब लागू नाही.

भरलेली मोटर जास्त वीज खातेच, हा समज अर्धवट. 2003 साली ब्रिटन-अमेरिकेतील दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी केलेल्या चाचण्यांत नीट भरलेल्या मोटरींची कार्यक्षमता जवळपास टिकली. घात होतो तो जुनी तार काढताना. टॉर्चने बेसुमार तापवले की मोटरच्या लोखंडी कोअरच्या पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि लोखंडातच वीज वाया जाते.

मोठ्या किंवा खास बनावटीच्या मोटरी दुरुस्तच कराव्यात. नवी यायला काही महिने लागू शकतात. छोट्या, सर्रास मिळणाऱ्या आणि दिवसरात्र चालणाऱ्या मोटरी जळल्या तर बदलाव्यात. दुरुस्तीला टाकलीच, तर तार काढण्याआधी आणि नंतर कोअरची चाचणी करायला सांगा आणि तिचे निकाल लेखी मागा.